उसना वाद्यवृंद

मुंबईत नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्रास लागून, नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ही संस्था आहे. एन.सी.पी.ए. या संक्षिप्त नावाने ती सर्वांस परिचित आहे. या संस्थेने २००६ साली ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा वाद्यवृंद स्थापन केला. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानात जन्मलेले व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह हे त्याचे दोन प्रवर्तक. भारतातील पहिला व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मॉस्को, मस्कत, स्वित्झर्लंड येथे हजेरी लावून २०१९ साली त्याने ब्रिटनचाही दौरा केला. हे सारे अभिमानास्पद आहे आणि त्याबद्दल आम्ही त्या संस्थेचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.

अभिनंदन करून झाल्यावर मात्र एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. या वाद्यवृंदाच्या नावात भारत आहे. परंतु त्याच्या खुर्च्यांवर बसलेल्या वादकांकडे पाहिले तर त्यांतील बहुसंख्य परदेशी आहेत. प्रारंभीच्या काळात तर बिसेनगालिएव्ह यांनी आपल्या मायदेशीच्या पश्चिम कझाकस्तान फिलहार्मोनिक वाद्यवृंदातून अनेक वादक येथे आणले. याचा दोष आम्ही संस्थेला देत नाही. वाद्यवृंद उभा करणाऱ्याला वादक हवे असतात; ते घरात मिळाले नाहीत तर तो बाहेरून आणतो. गृहिणीने शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर लाज शेजारणीची नसते, आणि साखर आणणारीचीही नसते. ती घरात साखर न भरणाऱ्याची असते. मग हे घर कोणाचे, आणि साखर भरण्याचे काम कोणाचे होते?

आमचे स्पष्ट उत्तर असे की ते काम आपल्या कॅथॉलिक समाजाचे होते. या देशात व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि पाच रेषांची स्वरलिपी ही ज्यांच्या घरात आणि चर्चच्या माडीवर शतकानुशतके नांदली, असा समाज आपल्याखेरीज दुसरा क्वचितच सापडेल. पारशी बांधवांनी या संगीताला उदार आश्रय दिला, रसिकता दिली, काही थोर कलावंतही दिले. पण हाताने वाजवणारे, महिन्याच्या कमाईसाठी वाजवणारे, पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारे लोक प्रामुख्याने आपलेच होते. ते आज कोठे गेले, हा प्रश्न एन.सी.पी.ए.ला विचारण्याऐवजी आपण आपल्या धर्मग्रामांना विचारला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘गुण उपजतच असावा लागतो’ असे आपण सहज म्हणतो आणि त्या एका वाक्यावर आपली सारी जबाबदारी सोडून देतो. गुण उपजत असेल; परंतु सिंफनी वाद्यवृंदातील वादक उपजत नसतो, तो घडवला जातो. पूर्ण वाद्यवृंदात ऐंशी ते शंभर माणसे असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक तंतुवाद्ये वाजवतात. व्हायोलिनवादक दोघे मिळून एका स्टँडवरची एकच स्वरलिपी वाचतात. पान उलटण्याची वेळ आली की आतल्या बाजूस बसलेला वादक वाजवणे क्षणभर थांबवून पान उलटतो आणि बाहेरचा वाजवीत राहतो, म्हणजे सूर तुटत नाही. गज वर न्यावा की खाली, हे प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवायचे नसते. अग्रस्थानी बसलेल्या व्हायोलिनवादकाच्या हाताकडे पाहून सर्वांचे गज एकाच दिशेने जातात. ट्रम्पेटवाला कधी शंभर शंभर बार मौन राहून मनात मोजत असतो आणि नेमक्या क्षणी, थंड ओठांनी, पहिलाच सूर अचूक काढतो. ही विद्या एकट्याने खोलीत बसून येत नाही. ती जाणत्या वादकाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून येते.

म्हणूनच जगातील शहाण्या वाद्यवृंदांनी तरुणांना घडवण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. बर्लिन फिलहार्मोनिकचे संचालक हेर्बर्ट फॉन कारायान यांनी १९७२ साली त्या वाद्यवृंदाला जोडून एक अकादमी स्थापन केली. तेथे निवडलेल्या तरुण वादकाला सुमारे दोन वर्षे विद्यावेतन मिळते. वाद्यवृंदातील श्रेष्ठ वादक त्याला शिकवतात. आणि मुख्य म्हणजे त्याला त्यांच्याच पंक्तीत बसून प्रत्यक्ष कार्यक्रमांत वाजवायला मिळते. त्या अकादमीतून बाहेर पडलेले अनेक जण पुढे त्याच वाद्यवृंदाचे कायम सदस्य झाले. यात जादू काही नाही. पगारी गुरू, पोट भरलेला शिष्य, रोजचा सराव आणि एकत्र वादन, एवढीच सामग्री आहे.

मुंबईच्या वाद्यवृंदानेही हाच मार्ग धरला. २०१२ साली त्याने लहान मुलांसाठी विशेष प्रशिक्षण सुरू केले आणि त्यातूनच त्याची संगीत अकादमी आकारास आली. वाद्यवृंदाचे वादकच तेथे शिक्षक आहेत. रशियन परंपरेच्या पद्धतीने मुलाला त्याचे वाद्य तर शिकवले जातेच. शिवाय स्वर वाचून गाणे, संगीताचे शास्त्र, समूहगायन आणि एकत्र वादन हेही शिकावे लागते. म्हणजे ज्या संस्थेला वादक उसने आणावे लागले, तिने उसनवारीवर संतोष न मानता घरच्या मुलांची शाळा काढली. तिने आपले कर्तव्य ओळखले. आपण ओळखले आहे काय?

येथे कोणी म्हणेल की आमची मुलेही शिकतात. त्यांनी लंडनच्या परीक्षांच्या इतक्या इतक्या ग्रेड दिल्या आहेत. प्रमाणपत्रे भिंतीवर लावली आहेत. परीक्षांशी आमचे वैर नाही. शिस्त लागते, वर्षाचे काही उद्दिष्ट राहते, हे आम्ही मान्य करतो. परंतु वर्षभर तीनच रचना घोटून परीक्षकासमोर दहापंधरा मिनिटे एकट्याने वाजवणे म्हणजे संगीतकार होणे नव्हे. परीक्षेत शेजारी कोणी नसतो. कोणाच्या गजाकडे पाहावे लागत नाही. कोणासाठी पान उलटावे लागत नाही. आठवी ग्रेड उत्तीर्ण झालेला आणि तरी दुसऱ्या तिघांबरोबर तालात वाजवू न शकणारा विद्यार्थी ही काही दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. प्रमाणपत्र हे घराचे तोरण आहे; तोरणालाच घर समजू नये.

आता, तरुणांना असे घडवण्याची रीत ही काही बर्लिनची किंवा मॉस्कोची निर्मिती नाही. ही रीत ख्रिस्तसभेच्या अंगणात वाढली. १७०३ साली व्हेनिसमध्ये आन्तोनिओ व्हिवाल्दी यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी पिएता नावाच्या अनाथाश्रमात त्यांची व्हायोलिनशिक्षक म्हणून नेमणूक झाली. तेथील निराधार मुलींना त्यांनी शिकवले, त्यांच्यासाठी रचना केल्या, आणि त्या मुलींचा वाद्यवृंद ऐकण्यासाठी युरोपभरचे प्रवासी व्हेनिसला येऊ लागले. योझेफ हायडन हा चाके दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा. १७४०च्या सुमारास, वयाच्या आठव्या वर्षी, त्याला व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायनवृंदात घेतले गेले. तेथेच तो गायला शिकला, व्हायोलिन शिकला, आणि पुढे सिंफनी या रचनाप्रकाराचा जनक म्हणून जग त्याला ओळखू लागले. अनाथ मुली आणि कारागिराचा मुलगा यांच्यापाशी पैसा नव्हता. त्यांच्यामागे एक चर्च होते आणि त्या चर्चने शिक्षक ठेवला होता.

आपल्या किनाऱ्यावरही हेच घडले. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. त्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारा आणि गायनवृंद चालवणारा गुरुजी, असे. गावातील पोर आधी स्वर वाचायला शिके, मग गळ्याने गाई, मग हाती व्हायोलिन धरी. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले. पोर्तुगीज राजवटीच्या हेतूंविषयी आम्हांला काडीचाही मोह नाही. परंतु त्या मेस्तने जे केले ते नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. गोव्यातून बाहेर पडलेली ही मुले संस्थानिकांच्या दरबारांत, लष्करी बँडमध्ये, मूकपटांच्या पडद्यापुढे, हॉटेलांत आणि शेवटी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पोहोचली. धोबीतलावच्या कुडांत त्यांनी आपल्या पेट्या ठेवल्या आणि वाद्ये काढली.

हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळाचा जो भरदार नाद आपल्या कानांत आहे, त्यामागे ही माणसे होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंदसंयोजन करणारे सबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केलेले चिक चॉकलेट, आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विस यांचे वडील चर्चमधील गायनवृंदाचे शिक्षक होते, हे ध्यानात घ्यावे. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे दोघेही अँथनींचे विद्यार्थी. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील त्यांचे नाव असलेले गाणे ही प्यारेलाल यांनी दिलेली गुरुदक्षिणा होती. लोक ते गाणे गुणगुणतात. गुरूची खरी योग्यता किती जणांना ठाऊक आहे?

याच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम झाला; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालण्याचे ते स्वप्न होते. ते टिकले नाही. त्यामागे कायमची संस्था नव्हती. वादक दिवसा रेकॉर्डिंगच्या मेहनतान्यावर जगत होते आणि उरल्या वेळात सिंफनी वाजवीत होते. १९६५च्या सुमारास अँथनी अमेरिकेस गेले. पुढे गोव्यात परतले आणि २०१२ साली निवर्तले. १९८०नंतर स्टुडिओंत सिंथेसायझर आला. एका माणसाच्या दहा बोटांखाली चाळीस व्हायोलिनांचा आभास निर्माण होऊ लागला आणि चाळीस घरांची चूल मंदावली. बापाने मुलाच्या हाती व्हायोलिन देणे थांबवले. बापाला आम्ही दोष देत नाही. त्याच्यामागे उभे राहण्याचे काम ज्यांचे होते, त्यांना देतो.

दुसरे उदाहरण मेहली मेहता यांचे. या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पुढे त्यांनी देश सोडला. त्यांचे पुत्र झुबिन १९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला शिकायला गेले, कारण त्यांना जे शिकायचे होते ते शिकवणारी शाळा मुंबईत नव्हती. मेहलींनी १९६४ साली लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन यूथ सिंफनी हा तरुणांचा वाद्यवृंद सुरू केला आणि १९९८पर्यंत, नव्वदीस पोहोचेतो, तो स्वतः चालवला. अमेरिकेतील कितीतरी वाद्यवृंदांना तेथून वादक मिळाले. माणूस मुंबईचा, तळमळ मुंबईची. पीक मात्र कॅलिफोर्नियाला आले. पुन्हा तेच दिसते. माणसे आपल्याकडे कमी नव्हती. माणसांना धरून ठेवणारी, पगार देणारी, शिष्य जमवणारी संस्था कमी पडली.

आता आपल्या वसईकडे वळू. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि चिमाजी अप्पांच्या विजयानंतर राजसत्ता गेली तरी श्रद्धा राहिली, गाणेही राहिले. आपल्या गावांत लग्न, सण, अंत्ययात्रा ब्रास बँडशिवाय होत नसे. शेतावर राबणारे, केळीच्या बागा शिंपणारे हात संध्याकाळी ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट धरीत. कानाने शिकलेले, कोणी स्वरलिपी जाणणारे. पण श्वासाचे मोल ओळखणारे लोक होते. त्या बँडचे आज काय झाले? कोठे तो तगला आहे, त्या गावास आमचा नमस्कार असो. बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी ट्रकवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत आली, जी छातीत धडधड उठवते आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना घराबाहेर काढते.

वेदीपाशीही फारसे वेगळे चित्र नाही. कीबोर्डचे एक बटण दाबले की ढोलकी सुरू होते, दुसरे दाबले की व्हायोलिने वाजतात. मिस्सेतील गाण्यांना साथ झाली, भाविक प्रसन्न झाले, खर्चही वाचला. परंतु त्या बटणामागे ज्या मुलाला शिकवता आले असते, ते मूल आपल्या हिशेबात येतच नाही. काही ठिकाणी तर मुद्रित साथ लावून तिच्यावर गाण्याची पद्धत पडली आहे. जिवंत उपासनेत मेलेला वाद्यवृंद, हा कोणता भक्तिभाव?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात पवित्र संगीताला एक संपूर्ण प्रकरण वाहिले आहे. ख्रिस्तसभेची संगीतपरंपरा हा अमोल ठेवा आहे, असे तेथे म्हटले आहे. सेमिनरीत, मठांत आणि कॅथॉलिक शाळांत संगीताच्या शिक्षणाला मोठे महत्त्व द्यावे, शिक्षक काळजीपूर्वक तयार करावेत, असा त्याचा आदेश आहे. त्याच प्रकरणात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही योग्य स्थान द्यावे असे सांगितले आहे. आपण दुसऱ्या सूचनेचा आधार घेऊन मराठी गीते आणली, हे उत्तम झाले. पहिली सूचना मात्र कपाटात राहिली. शिक्षक कोठे आहेत?

यावर जे आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो, त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की हे संगीत परके आहे. आपण मराठी ख्रिस्ती आहोत, आपल्याला व्हायोलिन कशाला? हा आक्षेप घेणाऱ्याने दक्षिणेकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बाळुस्वामी दीक्षितर यांनी व्हायोलिन उचलले आणि आज त्या वाद्याशिवाय कर्नाटक संगीताची मैफल पुरी होत नाही. आपल्या मराठी संगीत नाटकाला ऑर्गनची साथ मिळाली. तो कोठून आला? आणि ज्या सिंफनी वाद्यवृंदाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याने २०१५ साली झाकीर हुसेन यांचा ‘पेशकार’ हा तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेला कॉन्चेर्टो सादर केला. वाद्य परके राहत नाही. जो ते मनापासून वाजवतो त्याचे ते होते. आणि हेही सांगावेसे वाटते की ज्यांना व्हायोलिन परके वाटते, त्यांना जपानी बनावटीचा कीबोर्ड परका वाटत नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा. ‘यात भवितव्य काय? पोराने इंजिनिअर व्हावे.’ हा आक्षेप खोटा नाही आणि आम्ही तो हलका मानीत नाही. वाद्यवृंदाच्या खुर्च्या मोजक्या असतात आणि त्या मागून मिळत नाहीत. परंतु जरा विचार करा. विरारच्या गाडीने साठ किलोमीटर गेले की चर्चगेट येते, आणि तेथून जवळच एक वाद्यवृंद आहे जो वादकांना पगार देतो. त्या पगाराच्या जागा होत्या. त्या भरण्यासाठी हजारो मैलांवरून माणसे बोलवावी लागली. नोकरी नव्हती असे नाही. नोकरीस लायक असा आपला मुलगा नव्हता, मुलगी नव्हती. जे खुर्चीपर्यंत पोहोचणार नाहीत, ते शाळांत शिक्षक होतील, चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला जातील, चर्चचे गायनवृंद चालवतील. श्रीमंत होणार नाहीत, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण आपल्या समाजात सारे इंजिनिअर तरी कोठे श्रीमंत झाले आहेत?

याच संदर्भात पालकांना एक बोचरी गोष्ट सांगितली पाहिजे. मूल सातव्या वर्षी व्हायोलिन धरते, सात वर्षे शिकते, आणि नववीत जाताच क्लासच्या नावाखाली ते वाद्य माळ्यावर जाते. ‘दहावी झाली की पुन्हा सुरू करू.’ दहावी होते, बारावी येते, प्रवेशपरीक्षा येतात, आणि माळ्यावरचे व्हायोलिन तेथेच राहते. चौदा ते अठरा ही चार वर्षे म्हणजे वादकाचा हात पक्का होण्याची वर्षे. ज्या वयात बर्लिन आणि मॉस्को आपल्या मुलांना अधिक तास वाजवायला लावतात, नेमक्या त्या वयात आपण थांबवतो. भात पोटरीत आले असता शेताचे पाणी तोडणाऱ्या शेतकऱ्यास आपण काय म्हणू?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो बहुधा धर्मग्रामाच्या सभेत येतो. ‘फादर, पैसा कोठून आणायचा?’ पैसा नाही असे जे धर्मग्राम म्हणते, त्याने आपल्या सणाचा हिशेब उघडून पाहावा. रोषणाई, मंडप, फटाके, ध्वनिक्षेपक, एका रात्रीचा करमणुकीचा कार्यक्रम. त्या एका आठवड्यात जे जाते, त्यातून एका शिक्षकाचे किती महिन्यांचे वेतन निघेल, हे बेरीज करणाऱ्यास कळेल. ज्याची आपल्याला खरोखर आवश्यकता वाटते त्यासाठी आपण पैसा उभारतो. चर्चच्या नव्या फरशीसाठी वर्गणी जमते; फरशीवर उभे राहून गाणाऱ्या मुलासाठी का जमू नये? व्हेनेझुएलात होसे आन्तोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ साली कराकस शहरातील एका गॅरेजमध्ये अकरा मुले घेऊन तरुणांचा वाद्यवृंद सुरू केला. त्यातून देशभर बालवाद्यवृंदांचे जाळे पसरले. त्या जाळ्यातून वर आलेला गुस्ताव्हो दुदामेल २००९ साली लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संगीतदिग्दर्शक झाला. पूर्वी हेच पद आपल्या झुबिन मेहतांनी भूषवले होते. गॅरेज आपल्यापाशीही आहे. चर्चच्या आवारात रिकामे सभागृह तर नक्कीच आहे.

टीका करून बाजूला होणे सोपे असते. म्हणून आम्ही काय मागतो ते नेमके सांगतो.

तीन-चार शेजारच्या धर्मग्रामांनी मिळून एक पूर्ण वेळ संगीतशिक्षक नेमावा. मानधनावर नव्हे, वेतनावर. बारा महिन्यांचे वेतन, सुट्टीच्या महिन्याचेही. शिक्षकाला कृपेवर जगायला लावणारा समाज विद्यार्थ्यांकडून निष्ठेची अपेक्षा करू शकत नाही. दुसरे, धर्मग्रामाने वाद्यांचा संग्रह करावा. लहान मुलाला पाव आकाराचे व्हायोलिन लागते, मग अर्ध्या, मग पाऊण, मग पूर्ण. एकेका घराने चार व्हायोलिने का विकत घ्यावीत? मूल वाढले की वाद्य परत करावे, पुढच्या मुलाने घ्यावे. तिसरे, पहिल्याच वर्षापासून आठवड्यातून एकदा मुलांनी एकत्र वाजवावे, आणि महिन्यातून एका रविवारी मिस्सेत वाजवावे. सूर चुकतील, गज एकमेकांवर आपटतील. भाविकांनी तेवढे सोसावे. यंत्राची बेसूर भक्ती आपण इतकी वर्षे सोसलीच आहे. गावात जुने बँडवाले असतील तर त्यांना सन्मानाने बोलवावे; श्वास कसा धरावा हे त्यांच्याइतके चांगले कोण शिकवील? चौथे, एखादे मूल शिक्षकाच्या पुढे गेले तर त्याला मुंबईच्या अकादमीत पाठवण्याचा भार धर्मग्रामाने उचलावा. गाडीचा पास, वाद्याच्या तारा, आणि चर्चगेटच्या बाजूला मुक्कामाची सोय. सेमिनरीत जाणाऱ्या मुलासाठी जसा गाव उभा राहतो, तसाच या मुलासाठी उभा राहावा.

आणि हे दहा वर्षे करावे. त्याआधी फळ मागू नये. एक प्रमुख धर्मगुरू बदलून दुसरा आला म्हणून वर्ग बंद पडू नये. म्हणून तो धर्मगुरूच्या उत्साहावर न सोडता धर्मग्रामाच्या ठरावाने आणि अंदाजपत्रकाने बांधून घ्यावा. चांगली कामे आपल्याकडे बहुधा बदलीच्या आदेशाने मरतात.

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील तिसऱ्या सेवकाने धन्याचा पैसा चोरला नव्हता, उधळला नव्हता. त्याने तो जपून जमिनीत पुरला आणि जसाच्या तसा परत आणून दिला. तरीही धनी त्याच्यावर कोपला, कारण त्याने तो कोणाच्या हाती सोपवला नाही, वाढू दिला नाही. इंग्रजीत अंगच्या गुणाला जो शब्द आहे, तो त्या दाखल्यातील पैशाच्या मापाच्या नावावरूनच आला आहे. आपल्या समाजाला गुणांचा ठेवा मिळाला होता. तो आपण विकला नाही. आदराने माळ्यावर ठेवला.

एन.सी.पी.ए.चा वाद्यवृंद पुढच्या हंगामात पुन्हा वाजवील. परदेशी वादक येतील, उत्तम वाजवतील, आणि श्रोत्यांत आपल्यापैकी काही जण टाळ्याही वाजवतील. टाळ्या वाजवाव्यात, त्या पात्र वादकांसाठी असतात. पण परतीच्या गाडीत, बोरिवली ओलांडून भाईंदरच्या खाडीवरून जाताना, आपल्या गावातल्या कोणत्या मुलाला शिक्षक हवा आहे याचा विचार करावा, आणि येत्या धर्मग्राम सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय लेखी द्यावा. आम्ही ज्या सभेत असू, तेथे तो पहिल्या क्रमांकावर घेऊ.